बंधाऱ्याआधी राधानगरीकडे बघा: लास वेगासच्या मेळ्यापूर्वी मोबाइल गॅजेटचा अंदाज बांधण्याची रीत

मागच्या हिवाळ्यात संध्याकाळच्या गर्दीत एक पोरगा कोल्हापुरातल्या माझ्या मोबाइल-अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात काउंटरशी आला. कागलच्या एमआयडीसीत कामाला, शिफ्ट सुटल्यावर थेट राजारामपुरीत.

"ओ दादा, ती फोनच्या मागं चिकटणारी पॉवर बँक हाय काय?"

"हाय की. फोन कुठला तुझा?"

त्यानं बारा हजारांचा अँड्रॉइड खिशातून काढला. मी मॅग्नेटवाली पॉवर बँक फोनच्या पाठीला टेकवली, हात सैल केला, तर ती सरळ काचेच्या काउंटरवर आदळली.

"आरं, चिकटंना की!"

"फोनात मॅग्नेट न्हाई तुझ्या. रिंगचं कव्हर घातलंस तर चिकटंल, पण चार्ज व्हायची न्हाई. वायरलेस चार्जिंगच न्हाई ह्यात."

पोरगा हिरमुसला आणि टाइप-सी केबल घेऊन गेला. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता आणि त्याला वाटलं, ही वस्तू आपल्यासाठीच आली. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स मेळ्यात एखादी वस्तू दिसणं आणि ती आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशात पोचणं, यातलं अंतर मोजता आलं तर दुकानदाराचा पैसा अडकत नाही. गिऱ्हाइकाचाही फुकट जात नाही. ते मोजायची माझी रीत इथं सविस्तर लिहितो आहे. दुकान नसलं तरी चालेल. नवीन फोन आत्ता घ्यावा की चार महिने थांबावं, हे ठरवायलाही ती उपयोगी पडते.

पावसाळ्यात सगळं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारत असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पण पुराच्या पट्ट्यातल्या प्रयाग चिखलीचा किंवा आंबेवाडीचा माणूस बंधाऱ्याच्या आकड्यावर विसंबून बसत नाही. वरच्या अंगाला गगनबावड्यात पाऊस किती झाला, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे तो आधी विचारतो आणि त्यावरून जनावरं कधी हलवायची ते ठरवतो. लास वेगासचा मेळा म्हणजे आपला राजाराम बंधारा आहे. आकडा तिथं दिसतो, पण पाणी आधीच वरून सुटलेलं असतं.

पायरी १: कुठल्या मेळ्यात काय दिसतं ते पक्कं करा

कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो, म्हणजे सीईएस, १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. आता तो दर जानेवारीत लास वेगासला भरतो. बरेच जण तिथं नवे फोन शोधतात आणि निराश होतात. एके काळी तिथं फोन यायचे. २०१३ साली सोनीनं एक्सपीरिया झेड हा पाण्याला दाद न देणारा फोन तिथंच दाखवला होता. नंतर मोठ्या कंपन्यांनी फोनचे कार्यक्रम बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसकडे किंवा स्वतःच्या मंचाकडे नेले. अ‍ॅपलनं तर २००७ साली, ९ जानेवारीला, वेगासचा मेळा चालू असतानाच सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवला. त्या वर्षी ज्यांनी फक्त वेगासकडे बघितलं, त्यांच्या नजरेतून सगळ्यात मोठी गोष्ट निसटली.

म्हणून सीईएसकडून अंदाज मागायचा तो चार्जर, बॅटरी, बड्स, घड्याळं, स्मार्ट अंगठ्या, डिस्प्ले आणि चिप यांचा. फोनच्या मॉडेलसाठी फेब्रुवारी-मार्चचं बार्सिलोना बघा. घरगुती उपकरणं आणि ऑडिओसाठी सप्टेंबरचा बर्लिनचा आयफा, आणि भारतातल्या नेटवर्कसाठी दिल्लीची इंडिया मोबाइल काँग्रेस. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडची ५जी सेवा तिथूनच सुरू झाली.

पायरी २: नदीच्या वरच्या अंगाला नजर ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर याला देतो.

पहिली नजर कायद्यावर, कारण कायद्यात तारीख छापलेली असते. युरोपीय संघानं एकाच प्रकारच्या (टाइप-सी) चार्जरचा कायदा २०२२ साली मंजूर केला आणि फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ ही मुदत घातली. म्हणजे आयफोनच्या जुन्या लाइटनिंग केबलचे दिवस भरले, हे २०२२ मध्येच कुणालाही कळू शकत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला, तेव्हा अनेक दुकानांत लाइटनिंगचे गठ्ठे पडून होते. त्याच कायद्यात लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख आहे. त्यामुळे ६५ आणि १०० वॉटचे टाइप-सी अडॅप्टर हा फोनवाल्याचाच माल होत जाणार, हे सांगायला वेगासला जायची गरज नाही.

आपल्याकडचं सरकारही भाव हलवतं. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइल आणि चार्जरवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून १५ वर आलं. एरवी अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, म्हणजे सीईएस संपल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी. त्या मधल्या काळात महागडा आयात माल भरू नका. तीन आठवडे थांबल्यानं काही बिघडत नाही.

दुसरी नजर मानकांवर. मानक म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली एकच रीत. वायरलेस पॉवर कन्सोर्टियमनं जानेवारी २०२३ मध्ये सीईएसला क्यूआय-२ हे मॅग्नेटवाल्या वायरलेस चार्जिंगचं मानक जाहीर केलं. त्याचं मूळ अ‍ॅपलच्या मॅगसेफमध्ये होतं, जे ऑक्टोबर २०२० पासून आयफोन १२ मध्ये होतं. म्हणजे मॅग्नेटवाली चार्जिंग सगळ्यांना खुली होणार, ही खूण सव्वादोन वर्षं आधी डोळ्यांसमोर होती. माल मात्र २०२३ च्या शेवटी आला.

मानक आलं की माल लगेच येतो असं मात्र समजू नका. ब्लूटूथचं एलई ऑडिओ हे मानक जानेवारी २०२० च्या सीईएसला जाहीर झालं. कमी बॅटरीत चांगला आवाज, एकाच फोनवरून अनेकांना एकत्र ऐकता येणं, कल्पना फारच छान. पण त्यासाठी फोन आणि बड्स दोन्ही नवे लागतात. आठशे रुपयांचे बड्स मागणाऱ्या गिऱ्हाइकानं ते नाव आजवर माझ्या काउंटरवर घेतलेलं नाही. बदलासाठी दोन्ही टोकं बदलावी लागत असतील तर वेळ दुप्पट धरा.

तिसरी नजर चिपवर. फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या सगळ्यात वरच्या स्नॅपड्रॅगनची घोषणा पूर्वी डिसेंबरच्या आसपास व्हायची. ती सरकत सरकत २०२५ मध्ये सप्टेंबरवर आली. त्या चिपमध्ये जे नाही ते पुढच्या वर्षीच्या कुठल्याच महाग अँड्रॉइडमध्ये फारसं दिसणार नाही, आणि जे आहे ते पंधरा हजारांच्या फोनपर्यंत उतरायला दोन-तीन वर्षं घेतं. सुट्या भागांचे भावही इथंच बघा. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरनी मोठा वाटा उचलायला सुरुवात केली. अशा वेळी "पुढच्या महिन्यात फोन स्वस्त होईल, थांबा" असं गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं.

चौथी नजर नोंदणीवर. मोबाइल, अडॅप्टर, पॉवर बँक, स्मार्टवॉच अशा वस्तूंना भारतात विकण्याआधी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, सक्तीची नोंदणी लागते. नवा मॉडेल क्रमांक त्या यादीत दिसला की कंपनी इकडं माल आणायच्या तयारीत आहे हे नक्की. तारीख कळत नाही, किंमत कळत नाही, पण येणार की नाही या प्रश्नाचं इतकं भक्कम उत्तर दुसरीकडं मिळत नाही. अशीच मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफसीसी आणि चीनच्या ३सी यांच्या नोंदींतून चार्जिंगचे वॉटही बाहेर पडतात.

पाचवी खूण आपल्या धंद्यातलीच आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. मुंबईच्या मनीष मार्केटमधून येणाऱ्या पार्सलात कधी कधी बाजारात न आलेल्या फोनची कव्हरं असतात. कव्हरवाल्याला फोनची मापं आधी लागतात, नाहीतर पहिल्या दिवशी विकणार काय? असं कव्हर हातात आलं की खिडकीजवळ नेऊन उजेडात बघा. कॅमेऱ्याची खिडकी किती मोठी झाली, बाजूला नव्या बटणाला जागा आहे का, खाली जॅकचं भोक राहिलं का गेलं, पाठीत गोल रिंग आहे का. एका कव्हरवर विश्वास ठेवू नका. तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या कव्हरांत भोक एकाच जागी असेल तर वहीत लिहा.

शिवाय सीईएसचे इनोव्हेशन पुरस्कार मेळ्याच्या दोन महिने आधी, नोव्हेंबरात जाहीर होतात. यादी उघडी असते. मी त्यात कोण जिंकलं ते बघत नाही. एकाच जातीच्या किती वस्तू आहेत ते मोजतो. अंगठ्या गेल्या वर्षी तीन होत्या आणि यंदा बारा असतील, तर मेळ्यात अंगठ्यांचा बाजार भरणार. आकडे उदाहरणाचे आहेत, मोजणी तुमची तुम्ही करा.

पायरी ३: चार जाती वेगळ्या काढा

आता जमलेल्या प्रत्येक बातमीला विचारा: किंमत सांगितली का? तारीख सांगितली का? बनवणारे किती जण आहेत?

किंमत-तारीख दोन्ही आहेत आणि बनवणारेही अनेक आहेत, तर तो माल आहे. किंमत-तारीख नाही पण बनवणारे अनेक आहेत, तर ते मानक किंवा सुटा भाग आहे. तो येईल, पण हळूहळू. एकच कंपनी, किंमत नाही, तारीख नाही, तर तो नमुना आहे. आणि एकच कंपनी, पण किंमत-तारीख दोन्ही आहेत, तर ती पैज आहे. लागली तर लागली.

सॅमसंगनं वाकणारा डिस्प्ले सीईएस २०१३ मध्ये यूम या नावानं दाखवला. त्यांचा घडीचा फोन लोकांच्या हाती आला २०१९ मध्ये, आणि भारतात पहिल्या गॅलेक्सी फोल्डची किंमत होती १,६४,९९९ रुपये. सहा वर्षं! वनप्लसनं सीईएस २०२० ला कॅमेरा काचेआड लपवणारा कन्सेप्ट वन दाखवला, तो विक्रीला आलाच नाही. एलजीनं सीईएस २०२१ ला गुंडाळीसारखा उलगडणारा फोन दाखवला आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला मोबाइलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. हे सगळे नमुने होते. कॅमेऱ्यासमोर देखणे दिसतात, त्यामुळे बातम्यांत जास्त जागा त्यांनाच मिळते.

पैजेचं उदाहरण म्हणजे रॅबिट आर-१. सीईएस २०२४ ला १९९ डॉलरला आला, एआयशी बोलायचं वेगळं यंत्र म्हणून. त्याच सुमाराचा, कपड्यावर लावायचा ह्युमेनचा एआय पिन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला. मी अशा वस्तूंना एकच कसोटी लावतो: हे काम फोन करू शकतो का? करत असेल तर वेगळं यंत्र खिशात ठेवायला माणूस सहज तयार होत नाही.

उलट ज्यांच्याकडे कुणी फार बघितलं नाही ते चालून गेलं. सीईएस २०१८ ला व्हिवोनं सिनॅप्टिक्सचा सेन्सर वापरून डिस्प्लेच्या आत बोटाचा ठसा ओळखणारा फोन दाखवला. त्याच सप्टेंबरात व्ही-११ प्रो पंचवीस हजारांच्या घरात आपल्याकडे विकायला होता. जानेवारी ते सप्टेंबर, आठ महिने. सेन्सर बनवणारी कंपनी वेगळी होती आणि ती तो कुणालाही विकणार होती, हीच त्यातली खूण.

पायरी ४: वस्तूची सावली शोधा

ही पायरी मी नुकसान सोसून शिकलो.

२०१९ मध्ये डिस्प्लेतला ठसा आणि कडेला वळलेली काच, दोन्ही गोष्टी जोरात आल्या. फोन येणार हे मला माहीत होतं. पण त्यावर लावायची ग्लास कशी लागेल याचा मी विचारच केला नाही. एका होलसेलवाल्यानं "सगळ्याला चालते" म्हणून नेहमीची, कडेला गोंद असलेली टेम्पर्ड ग्लास दिली, मी दोनशे पीस घेतले. लावल्यावर मधे हवेची बारीक पोकळी राहायची आणि ठसा लागायचा नाही. ऑप्टिकल सेन्सर काचेतून परतणारा उजेड वाचतो, अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या लहरी वाचतो, आणि पोकळी दोघांच्याही वाटेत येते. मग यूव्ही ग्लास आणली. तीत पातळ गोंद मधोमध ओतायचा, काच एका कडेनं हळू टेकवायची, गोंद चारी कोपऱ्यांत पोचेपर्यंत हात लावायचा नाही, मग दिवा धरायचा. पहिल्याच आठवड्यात एका फोनवर मी वरची जाळी चिकटपट्टीनं झाकायला विसरलो. गोंद इअरपीसमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी ताई परत आल्या, "दादा, समोरचा बोललेलं ऐकूच येत नाही हो." स्पीकर मी माझ्या खर्चानं बदलून दिला.

तेव्हापासून प्रत्येक अंदाजाखाली मी दुसरी ओळ लिहितो: ही वस्तू आली तर तिच्या मागं काय लागेल, काय थांबेल? आयफोन १२ च्या खोक्यातून ऑक्टोबर २०२० मध्ये अडॅप्टर गेला, जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस-२१ मधून काढला. फोनपेक्षा अडॅप्टरच्या धंद्यावर त्याचा परिणाम मोठा होता.

आत्ताची मोठी सावली बॅटरीची आहे, म्हणून जरा खोलात जातो. फोनच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. एक ग्रॅम ग्रॅफाइट सैद्धांतिक हिशोबानं ३७२ एमएएच साठवतं. सिलिकॉन त्याच्या नऊ-दहा पट साठवू शकतं, पण चार्ज होताना ते इतकं फुगतं की आतून तडकतं. म्हणून सिलिकॉनचे सूक्ष्म कण कार्बनच्या सांगाड्यात बसवतात आणि थोडं प्रमाण ग्रॅफाइटमध्ये मिसळतात. ऑनरनं २०२३ मध्ये चीनमध्ये अशी बॅटरी फोनमध्ये घातली. जानेवारी २०२५ मध्ये वनप्लस १३ इथं ६००० एमएएच घेऊन आला, आणि त्याच एप्रिलात आयकू झेड-१० तर ७३०० एमएएच घेऊन मधल्या किमतीत उतरला. दोन वर्षांत वरून मधे. यावरून हा सुटा भाग खाली उतरतच राहणार असं मी धरतो.

सावली काय? ७००० एमएएच म्हणजे सुमारे २७ वॉट-तास. घरातल्या जुन्या १० वॉटच्या चार्जरनं तो भरायला, वाया जाणारी ऊर्जा धरता, तीन तासांच्या वर लागणार. रात्री उशिरा शेतावरून आलेल्या माणसाला मोटारीची लाइट पहाटे चारला आली तर चारला उठायचं असतं, त्याला एवढा वेळ परवडत नाही. म्हणून मोठ्या बॅटरीच्या मागं मोठ्या वॉटचा अडॅप्टर विकला जाईल, आणि १०,००० एमएएचच्या साध्या पॉवर बँकेची मागणी कमी होईल. हा माझा अंदाज आहे, वहीत तारखेसह लिहून ठेवलेला.

पायरी ५: ‘नाही’ची वही

काउंटरच्या खालच्या खणात एक शंभर पानी वही ठेवा. गिऱ्हाइकानं मागितलं आणि तुम्ही "नाही" म्हणालात, की लगेच एक ओळ: तारीख, वस्तू, माणूस कुठला, किती पैशांपर्यंत तयार होता. दुकानात पोरगा कामाला असेल तर त्यालाही सवय लावा. बिलाच्या नोंदी विकलेला माल सांगतात. न विकलेला माल फक्त ही वही सांगते.

तीन महिन्यांनी पानं उलटली की आपलं गाव दिसायला लागतं. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रीतला कामगार चार्जिंगच्या भोकात जाणाऱ्या धुळीनं वैतागलेला असतो. त्याला जाड कव्हर, धूळ अडवणारं बूच लागतं. विद्यापीठातली पोरं बड्समध्ये मायक्रोफोन कसा आहे ते विचारतात, गाण्याचं नंतर. गडहिंग्लज-आजऱ्याकडून येणारा माणूस रेंजबद्दल विचारतो. आणि पैसा कधी येतो तेही वही सांगते. गोकुळचा दूध दर फरक दिवाळीच्या तोंडावर मिळतो, उसाची बिलं हंगाम सुरू झाल्यावर येऊ लागतात. कायद्यानं चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची असते, पण बिल थकलं की आमच्या पेठेतली विक्रीही थकते. सीईएसची बातमी जानेवारीत येते, तेव्हा गाळप भरात असतं. वस्तू तयार असेल आणि बिलं वेळेवर असतील तर फेब्रुवारी-मार्च तिच्यासाठी चांगला. नाहीतर सरळ गणपती-दसऱ्याची वाट धरा.

पायरी ६: अंदाज असा लिहा की नंतर पळता येणार नाही

"यंदा वायरलेस चार्जिंगचा जोर असेल" हा अंदाज नाही. वर्षाअखेरीस तो बरोबरही म्हणता येतो आणि चूकही. असं लिहा: "३१ ऑक्टोबरपर्यंत वीस हजारांच्या आतला, पाठीत मॅग्नेट असलेला एक तरी अँड्रॉइड भारतात विक्रीला येईल: २० टक्के." वस्तू, किंमत, जागा, तारीख आणि टक्के. पाचही हवेत.

टक्के लिहायला सुरुवातीला हात अडतो. पण त्याशिवाय गुण देता येत नाहीत. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञानं १९५० साली पावसाच्या अंदाजाला गुण द्यायची एक साधी रीत मांडली. घडलं तर १, नाही घडलं तर ०. त्यातून तुमचे टक्के दशांशात वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. ८० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.२ चा वर्ग ०.०४. नाही घडलं तर ०.८ चा वर्ग ०.६४. आकडा जितका कमी तितकं चांगलं. सगळीकडं ५० टक्के लिहिणाऱ्याचा गुण कायम ०.२५ येतो. वर्षभराच्या अंदाजांची सरासरी ०.२५ च्या वर गेली, तर डोळे झाकून सगळीकडं ५० टक्के लिहिलं असतंत तरी बरं झालं असतं. वीस अंदाज पुरेत. पाच-सहावर गुण काढू नका, नशीब आणि अक्कल वेगळी कळत नाही.

पायरी ७: टक्क्यांचा माल करा

समजा एक वस्तू ९०० ला मिळते, १२०० ला जाईल. नाही चालली तर ५०० ला काढावी लागेल. फायदा ३००, तोटा ४००. तोटा भागिले फायदा अधिक तोटा, म्हणजे ४०० भागिले ७००, सुमारे ५७ टक्के. ती वस्तू हंगामात विकली जाईल याची तुमची खात्री ५७ टक्क्यांच्या खाली असेल तर हात लावू नका, डिस्ट्रिब्युटर कितीही स्कीम सांगू दे. तोच डिस्ट्रिब्युटर न विकलेला माल ८०० ला परत घ्यायला तयार असेल तर तोटा १०० वर येतो आणि रेषा २५ टक्क्यांवर उतरते. म्हणून मी भावात घासाघीस कमी करतो आणि परतीच्या अटीवर जास्त बोलतो. अट तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

माल उचलण्याआधी चार्जर आणि पॉवर बँकेवरचा बीआयएसचा आर-ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. नवीन वस्तूची लाट आली की तिच्या मागून नकली माल येतोच. रात्रभर उशाशी चार्ज होणारी वस्तू आहे ती. यात मी कधी तडजोड करत नाही.

पायरी ८: मेळ्याचे चार दिवस

हिवाळ्यात लास वेगास आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं. तिथं सकाळचे नऊ म्हणजे इथं रात्रीचे साडेदहा. जागायची गरज नाही, सकाळी चहाबरोबर वाचा. व्हिडिओ शेवटी बघा, आधी कंपनीचं लेखी निवेदन वाचा आणि त्यात तीनच गोष्टी शोधा: किंमत, कुठल्या तिमाहीत, कुठल्या देशात. भारताचं नाव नसेल तर सहा महिने जास्त धरा. या चार दिवसांत नवा अंदाज लिहू नका, जुन्यांचे टक्के फक्त बदला, आणि बदललेत तर जुना आकडा खोडू नका. शेजारी नवा लिहून तारीख घाला.

पायरी ९: गुण देण्याचे दिवस

मी एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वही उघडतो. चुकलेल्या प्रत्येक अंदाजासमोर एकच शब्द लिहितो: किंमत, वेळ, सावली किंवा हौस. हौस म्हणजे मला स्वतःला वस्तू आवडली म्हणून मी टक्के वाढवले. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा ‘वेळ’ येतो. वस्तू येते, पण मी लिहिल्यापेक्षा उशिरा. म्हणून आता तारखेचा अंदाज लिहून झाला की त्यात चार महिने मिळवतो आणि मगच टक्के लिहितो.

कागलच्या त्या पोराचं नाव मी ‘नाही’च्या वहीत लिहून ठेवलं आहे, शेजारी पॉवर बँकेसाठीचा त्याचा आकडा: "चौदाशेपर्यंत". मॅग्नेटवाला फोन त्याच्या बजेटमध्ये आला की त्याला फोन करायचा आहे.